दोघांत एक गोळी

तुळशीच्या तोंडाला लागू नये, असं बदलापूरजवळच्या बेलवलीतल्या बायका एकमेकींना सांगतात, आणि उगीच नाही सांगत. पावसाळ्यात ती शेवळं, कंटोळी, कुड्याच्या शेंगा घेऊन एका सोसायटीच्या फाटकाशी बसते. गाडीतून उतरून कुणी म्हटलं, "रानातलं तर आहे, फुकटचं, मग एवढा भाव कशाला?" की झालंच. "मंग जा की रानात! काटं फुकट हायती, इंचू फुकट हायती, भरून आण पिशवी." गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर, पण तुळशी ऐकून घेणार नाही. तिचा नवरा धाकलू याच्या अगदी उलट. वीटभट्टीवर मुकादमाने दहा हाका मारल्या तर हा एकदा 'ओ' देणार, आणि तीही मनातल्या मनात. वाडीतली माणसं थट्टेने म्हणतात, देवाने दोघांची जीभ एकीलाच देऊन टाकली. धाकलू त्यावरही हसतो आणि बिडी पेटवतो.

वाडी त्यांची बारवी धरणाच्या मागच्या अंगाला, झाडीत. सगळी कातकऱ्यांची घरं. पावसाळ्यात लोकांच्या भातशेतात लावणी, दिवाळी झाली की भट्टी, मधल्या दिवसांत रान. तिथे तुळशी वाघे हे नाव भांडणासाठी जेवढं प्रसिद्ध, तेवढंच बाळंतपणासाठी. अवघडलेल्या बाईला धीर द्यायला, नाळ कापायला, मेलेल्याला न्हाऊ घालायला पहिली हाक तिलाच. जीभ कडू, पण हात गोड, असं तिची शेजारीण गोदू म्हणते.

एवढ्या जिभेच्या बाईला एका गोष्टीवर मात्र बोलता येत नाही. तिचा थोरला, सुयोग, सहा वर्षांचा असताना गेला. त्याच्या हाडांत कळा उठायच्या. रडून रडून पोर निळं पडायचं. भगत म्हणाला, बाहेरची बाधा आहे. सरकारी दवाखान्यातले म्हणाले, वाढत्या वयाचं दुखणं आहे, गोळ्या घ्या. दोघांनीही चूकच सांगितलं, पण आपल्याकडे शिव्या पडतात त्या एकट्या भगताला. पुढे धाकटीच्या, रविनाच्या, शाळेत रक्त तपासलं तेव्हा कुठे त्या दुखण्याला नाव मिळालं. सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकून बसतात, आणि मग हाडं कुणी ठेचतंय असं वाटतं. हे कळलं त्या दिवशी तुळशी रडली नाही. चुलीपुढे बसून राहिली आणि एवढंच म्हणाली, "मंग माज्या सुयोगाला बी हाच व्हता." धाकलूने मान हलवली आणि तो बाहेर निघून गेला.

तर एके दिवशी या वाडीत जीप आली. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलची. जीपमधून उतरली निशा, अंबरनाथची मुलगी, गळ्यात ओळखपत्र, पायात वाडीच्या वाटेला न शोभणाऱ्या चपला. समाजमंदिरात माणसं जमली. निशाने सरळ सांगितलं, सिकलसेलवर नवीन गोळी निघाली आहे. ती अजून बाजारात नाही. चालते की नाही ते बघायचं आहे, म्हणून मुलं हवी आहेत. अर्ध्या मुलांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली, ते देणाऱ्यालाही माहीत नाही.

"म्हंजी आमच्या पोरांवर करून बघणार," तुळशी म्हणाली.

"हो, मावशी," निशा म्हणाली. "पण आजवर तुमच्या मुलांवर बघितलंच नाही ना कुणी. आजार तुमच्यात, आणि औषधं तपासली दुसऱ्यांवर. मग ती तुमच्या मुलांना किती लागू पडणार, कशी पडणार, हे कोण सांगणार?"

वाडीतले सगळ्यांत म्हातारे आण्णा खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "पोरी, तुज्या आदी बी आलते लोक. रगत नेला, पोरांना बिस्कुटा दिली. पुन्ना निरोप नाय आला. त्या रगताचा काय झाला, इचारून ये आदी." माणसं हसली, पण उठायला लागली. आणि त्यांचं काय चुकलं हो? ज्यांचं रक्त चालतं पण ज्यांना निरोप द्यावासा वाटत नाही, त्यांनी दर वेळी नव्याने विश्वास ठेवायचा, हा कुठला न्याय? निशा तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "निरोप द्यायला मी येईन. माझी मी येईन."

तुळशीला ही मुलगी आवडली. आडपडदा नाही, गोड बोलणं नाही. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात सुयोग होता. रविना बारा वर्षांची झाली होती आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी तिच्या कळा वाढत होत्या. उठून चाललेल्या माणसांना तुळशीने दारातच अडवलं. "बसा गपगुमान! माजी पोरगी पयली जाणार. मेली तर माजी मरंल. तुमचा काय जातंय ऐकायला?" ती बोलली म्हणून माणसं बसली. त्या दिवशी जी काही मुलं तपासणीला तयार झाली, ती तुळशीच्या शब्दावर झाली, हे पुढे सगळे सोयीस्कर विसरले.

गोदूचा प्रेम त्यात होताच. रविनाच्याच वयाचा, आणि दुखण्याने तिच्यापेक्षा जास्त पिचलेला. गोदूचा नवरा भट्टीवर भिंत पडून गेला, तेव्हापासून ती आणि प्रेम दोघंच. प्रेमच्या कळा सुरू झाल्या की गोदू त्याचे पाय मांडीवर घेऊन बसायची आणि पलीकडच्या झोपडीतून तुळशी गरम विटेचा शेक घेऊन यायची. हॉस्पिटलमध्ये प्रेमचं रक्त तपासलं. आजार पक्का. गोळीसाठी पाहिजे तसाच मुलगा. पण त्याला घेतलं नाही.

का नाही घेतलं? तर त्याच्या वयाचा पुरावा नव्हता. प्रेम घाटापलीकडच्या भट्टीवर जन्मला. विटांच्या रांगेमागे, गोणपाटाच्या आडोशाला, तुळशीच्याच हातावर. तिथे कोण दाखला देणार, गाढवं? शिवाय गोदूकडे फोन नव्हता, आणि औषध घेतलं का ते रोज फोनवर विचारायचं, असा त्यांचा नियम. आजार त्याला, कळा त्याला, आणि पुरावा कसला मागतात, तर तो जन्माला आल्याचा! तुळशीने टेबलावर हात आपटला. "त्याची नाळ म्या कापली. माजा अंगठा घ्या, मी सांगते कवा जलमला ते." नोंदणीच्या टेबलामागे बसलेल्या सोनियाने तिला हिंदीत सांगितलं, अम्मा, साइड में बैठो, ऐसे नहीं चलता. निशा आत जाऊन डॉक्टरांशी बोलून आली. तिचा चेहरा पडला होता. म्हणाली, पुढच्या टप्प्यात बघू.

येताना वाटेत गोदूने प्रेमला वडापाव घेऊन दिला आणि स्वतः पाणी प्यायली. तुळशी बदलापूर येईपर्यंत हॉस्पिटलच्या सात पिढ्या उद्धारत होती.

रविनाची गोळी सुरू झाली. आणि सुरू झाले हेलपाटे. मुलं गोळा करायला जीप वाडीत आली होती, पण गोळा झालेल्या मुलांना न्यायला काही ती आली नाही. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत पायी, तिथून टमटम, पुढे गाडी, पुढे रिक्षा. बोलावणं सकाळचं. पोचायला उशीर झाला की सोनिया म्हणणार, टाइम पे आना सीखो. वेळेवर पोचलं तरी डॉक्टर दुपारी येणार, ते चालतं. तुळशीचा बाजार बुडायचा, रविनाची शाळा बुडायची. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात, ते इथे खरं होत होतं. फोनचं तर विचारूच नका. वाडीत रेंज नाही. धाकलूचा फोन घेऊन तुळशी रोज संध्याकाळी टेकडीवर चढायची, एका खडकावर उभी राहायची आणि फोन आला की ओरडायची, "घेतली! गोळी घेतली!" खाली गुरं राखणारी पोरं तिची नक्कल करायची. गोळी घेतली ग बाय, गोळी घेतली. उल्हासनगरात बसून हे सगळं ठरवणाऱ्याने आयुष्यात एकदा तो खडक बघायला हवा होता. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

दुसरी मुलं गळायला लागली. एकीचे आईबाप भट्टीला गेले, दुसऱ्याची आई बाळंत झाली. हॉस्पिटलात त्यावर बोलणं काय झालं, तर या लोकांना आरोग्याची किंमत नाही.

तुळशी टिकली. आणि टिकता टिकता तिने जे केलं, ते आता सांगितलं पाहिजे.

कातकरी वाडीचा एक जुना रिवाज आहे. ससा मिळो, मधाचं पोळं मिळो, ओढ्यात पाटीभर मासे मिळोत, त्याचे वाटे पडतात. प्रत्येक घराला वाटा. बाई पोटुशी असेल तर पोटातल्या पोराचा वेगळा वाटा, आणि शिकारीला आलेल्या कुत्र्याचाही. एकट्याने खाल्लेलं अंगी लागत नाही, असं लहान पोरालाही माहीत असतं. वाटा चुकवणाऱ्याला वाडी मारत नाही, झोडत नाही. फक्त त्याच्या नावाने माणसं हळू आवाजात बोलायला लागतात, आणि ते माराहून वाईट.

रविनाने पहिली गोळी घेतली तेव्हा प्रेम दारात उभा होता. काही मागायला नाही, रविनाला खेळायला बोलवायला आला होता. तुळशीच्या हातातलं पाणी तसंच राहिलं. तो आठवडा तिने कसाबसा काढला. मग एका सकाळी तिने विळीवर ती गोळी ठेवली, मधोमध दाबली, अर्धी रविनाला दिली आणि अर्धी पदरात बांधून गोदूकडे गेली. गोदू म्हणाली, "नगं बाय, तुज्या पोरीचा औषद हाय ता." तुळशी म्हणाली, "एकटीनं खाल्ला तर तिला तरी लागंल का? आन तोंड, प्रेम."

औषध दुसऱ्याला देऊ नये, हे तिला वाचून दाखवलं नव्हतं का? दाखवलं होतं. निशाने सगळा कागद वाचला होता, तुळशीने मान हलवली होती, ते सगळं कॅमेऱ्यात भरून ठेवलं होतं. पण तिच्या हिशेबाने तिने काही चोरलं नव्हतं. आपल्याच पोरीच्या घासातलं काढून दिलं होतं. चूक होती, धोक्याची चूक होती, त्यात वाद नाही. प्रेमच्या वजनाचा, त्याच्या रक्ताचा कुणी विचार केलेला नव्हता. पण ज्या मुलाला तुम्ही दारातून परत पाठवलंत, तो शेजारच्या झोपडीत राहतो, तिथेच कण्हतो, हा विचार तरी कुणी केला होता?

दिवाळी गेली. रविनाला कळ आली नाही. नाताळ गेला, कळ नाही. पोरगी दोरीवरच्या उड्या मारायला लागली. धाकलूसारखा मुका माणूस, पण तिच्या उड्या बघत दारात बसायचा आणि एकटाच हसायचा. प्रेमच्याही कळा कमी झाल्या होत्या. तुळशीला वाटलं, बघा, वाटून खाल्लं म्हणून दोघांना लागलं. मग माघात प्रेमच्या तोंडात फोड आले. आधी एक, मग जीभभर. पेज गिळवेना. अंगात ताप भरला.

रविनाच्या तपासणीचा दिवस जवळच होता. तुळशी गेली, आणि या गोळीचं काम बघणारे डॉक्टर जयदेव समोर बसल्या बसल्या तिने पहिला प्रश्न केला, "डॉक्टरसायेब, प्रेमच्या तोंडात फोड आलेत, अंगबी तापलाय. ह्या गोळीनं व्हतंय का तसा?"

"कोण प्रेम?" डॉक्टरांनी विचारलं.

तुळशीने सांगितलं. लपवायचं काय त्यात? विळी, अर्धी गोळी, वाटा, सगळं सांगितलं. निशाच्या हातातला पेन खाली पडला. डॉक्टर आधी पांढरे पडले आणि मग लाल झाले. "तुम्हाला कळतं का काय केलंत? तो मुलगा मरू शकतो! कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला?" मुलगा मरू शकतो हे बरोबर होतं आणि तुळशीला ते पटलंही. पण मग ते निशाकडे वळून म्हणाले, "इसीलिए मैं बोलता था. ये लोग नहीं टिकते. इनको लेना मतलब सरदर्द." तुळशीला हिंदी चांगली कळते. वीस वर्षं बाजारात बसलेली बाई आहे ती.

रविनाला बाद केलं. गोळी आजपासून बंद. कळ आली तर फोन करायचा नंबर बंद, हॉस्पिटलातल्या खाटेची सोय बंद. "पोरीचा काय चुकला? म्या केला, मना बोला. तिची कळ थांबलीय सायेब, दिवाळीपासनं थांबलीय. नका करू बंद." ही बाई कुणापुढे हात जोडत नाही, पण त्या दिवशी तिने जोडले. बाहेर बाकावर रविना पाय हलवत बसली होती.

डॉक्टर उठून खिडकीशी गेले, परत आले. त्यांनी दार लोटलं आणि आवाज एकदम मऊ झाला. पुढच्या आठवड्यात वरची माणसं तपासणीला यायची होती. औषध काढणाऱ्या कंपनीला आदिवासी मुलं हवी होती, मुद्दाम सांगून हवी होती, आणि आधीच ती बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. तेव्हा रविनाला काढणं डॉक्टरांनाही परवडणारं नव्हतं.

"ताई, नीट आठवा," ते म्हणाले. "तुम्ही घाबरलात, म्हणून काहीतरी बोलून गेलात. मुलाला गोळी दिलीच नाही, असं असेल. आम्ही कॅमेरा लावतो. तुम्ही सांगा, माझा गैरसमज झाला, गोळी रविनानेच पूर्ण घेतली. ती राहील. पुढेही राहील."

"आन प्रेम?"

"त्याला सरकारी दवाखान्यात दाखवा. तोंडात फोड काय, कुणालाही येतात. त्याचा आमच्याशी संबंध नाही."

"मंग सरकारी दवाखान्यात काय सांगू? गोळी खाल्ली म्हनून सांगू, का नाय खाल्ली म्हनून?"

डॉक्टर म्हणाले, "खाल्लीच नाही ना."

वा रे वा! काय पण शिकलेली माणसं! वाटून खाल्लं तो गुन्हा, आणि खोटं बोललं की माफ. गरज सरो, वैद्य मरो असं आपण म्हणतो. इथे वैद्याचीच गरज भागत होती आणि पोर मेलं तरी चालणार होतं.

निशाने कॅमेरा लावला. ती डॉक्टरांकडे बघत नव्हती. "सांगा, मावशी," ती म्हणाली. "जे झालं ते सांगा."

तुळशीला खोटं बोलावंसं वाटलं. का नाही वाटणार? एक पोर मातीत घातलेली आई होती ती. दाराच्या काचेतून तिला रविनाची वेणी दिसत होती. चार शब्द बोलायचे होते, फक्त चार. पोरगी उड्या मारत राहिली असती. प्रेमला कुठेतरी दाखवलं असतं, काहीतरी केलं असतं. गोदूला कधी कळलंही नसतं. मग तिला प्रेमचं तोंड आठवलं, पेजेची वाटी बघून मिटलेलं. ती गोळी त्याच्या तोंडात तिच्याच हाताने गेली होती. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर काय कपाळ ओळखणार, पोटात काय आहे ते? आणि एकदम तिला असा राग आला, असा राग आला, की तिचा घसाच मोकळा झाला.

"माजा नाव तुळशी धाकलू वाघे," ती कॅमेऱ्यात बघून म्हणाली. "माज्या पोरीला तुमी गोळी दिली. ती म्या विळीवर कापली. अर्दी रविनाला दिली, अर्दी गोदूच्या प्रेमला दिली. रोज दिली. आता त्याच्या तोंडात फोड हायती, अंगात ताप हाय. हा डॉक्टर मना सांगतोय, खोटा बोल, म्हंजी तुजी पोरगी ठेवतो. म्या नाय बोलणार. त्या पोराला हितं आणा. जीप काडा तुमची."

"कॅमेरा बंद कर," डॉक्टर म्हणाले. निशाने केला नाही. डॉक्टर तुळशीवर ओरडले, "तो आमचा पेशंट नाही! त्याचं नावसुद्धा नाही आमच्याकडे!"

"नाव नसंल," तुळशी म्हणाली. "पोटात गोळी तुमची हाय."

हे सगळं कॅमेऱ्यात भरलं गेलं होतं, तेव्हा डॉक्टरांना जीप काढावीच लागली. वाडीवर मुलं गोळा करायला आलेली तीच जीप, पहिल्यांदा कुणालातरी न्यायला. गोदू प्रेमला मांडीवर घेऊन आली. सोनियाने वयाचा दाखला मागितला नाही, फोन नंबर मागितला नाही. जन्माला आल्याचा पुरावा द्यायला बिचाऱ्याला आधी मरायला टेकावं लागलं. रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी पार खाली गेलेल्या. आणखी दोन दिवस घरी काढले असते तर हाती लागला नसता, असं तिथल्या दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईने सांगितलं. सलाइन लागलं. चौथ्या दिवशी त्याने पेज मागितली.

गोदूने तुळशीला दोष दिला का? दिला. पहिल्या रात्री नाही, पण पोर सावरल्यावर दिला. "तू मना इचारलास, पन मना ना म्हनू दिला नायस," एवढंच ती म्हणाली. तुळशीने ऐकून घेतलं. आयुष्यात बहुधा पहिल्यांदा तिने कुणाचं ऐकून घेतलं आणि वर तोंड केलं नाही.

प्रेमवर उपचार करायचे तर त्याने खाल्लेली गोळी खरी होती की नुसतीच पिठाची, हे कळणं भाग होतं. अशा वेळी ते गुपित उघडता येतं. त्यांनी उघडलं. निशा वॉर्डाबाहेर आली. तुळशी भिंतीला टेकून बसली होती आणि शेजारी रविना झोपली होती. निशा तिच्यासमोर जमिनीवरच बसली.

"मावशी, निरोप द्यायला मी येईन म्हटलं होतं," ती म्हणाली. "गोळी खरी होती."

खरी होती. म्हणजे दिवाळीपासून पोरीची कळ थांबली होती ती नशिबाने नाही, देवाच्या कृपेने नाही. औषध लागू पडलं होतं, आणि तेसुद्धा अर्धंच पोटात जाऊन. प्रेमला ते बेताबेताने, रक्त तपासत द्यायला हवं होतं, एवढंच. त्याला पहिल्याच दिवशी आत घेतलं असतं तर तसं दिलंही असतं. रविनाच्या हाडांत सुख आलं होतं ते याच गोळीचं, आणि तीच गोळी आता कुठल्यातरी कपाटात कुलूपबंद होती.

"मंग झाला तर," तुळशी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "खरी हाय, लागू बी पडतेय. आता दोगांना द्या. तपासून द्या, तुमच्या हातानं द्या. म्या हात बी नाय लावणार."

"तसं नाही होत, मावशी." निशाच्या डोळ्यांत पाणी होतं. "रविना बाहेर गेली. प्रेम कधी आतच नव्हता. आता हे सगळं संपेल, मग वर अहवाल जाईल, मग परवानगी मिळेल, मग गोळी बाजारात येईल. तेव्हा घेता येईल कुणालाही."

"कवा?"

"काही वर्षं लागतील."

झोपेत रविनाने कूस बदलली आणि गुडघा पोटाशी ओढला. तुळशीने तो गुडघा हातात धरला, हळूच दाबून बघितला, दुखतोय का ते. मग मान वर केली.

"तवर?" तिने विचारलं.

निशाने रविनाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. तुळशीने पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्याने, वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तवर पोरांनी काय करायचा?"